संतांचे पवित्र अवशेष आणि धातुवंदना : एक अभ्यास

रहाटणी, काळेवाडी, पिंपरी, चिंचवड हा सारा कारखानदारीचा पट्टा आहे. पोटापाण्यासाठी येथे आलेली गोव्याची, वसईची, केरळची ख्रिस्ती कुटुंबे आणि मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली आपली बौद्ध कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात, एकाच पाळीला कामावर जातात. डिसेंबर उजाडला की शेजारच्या ख्रिस्ती बांधवांपैकी काहीजण संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाला गोव्याकडे निघतात आणि आपले बांधव चैत्यभूमीकडे निघतात. ३ डिसेंबर आणि ६ डिसेंबर या दोन तारखांत अंतर अवघे तीन दिवसांचे. दोन्हीकडे माणसे तासन्‌तास रांगेत उभी राहतात आणि दोन्हीकडे त्या रांगेच्या टोकाला एका थोर पुरुषाच्या देहाचा अवशेष असतो.

यावरून उपासक-उपासिका आम्हांला दोन प्रश्न नेहमी विचारतात. पहिला असा की, आपण अंधश्रद्धेविरुद्ध बोलतो, मग अस्थींना वंदन का करतो? ख्रिस्ती लोक संतांचे अवशेष पूजतात, त्यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय? दुसरा प्रश्न असा की, आपल्या विहारात अस्थिधातू नाहीत, ते कोठून आणता येतील काय? या प्रश्नांची उत्तरे देण्यापूर्वी शेजाऱ्याची परंपरा नीट समजून घ्यावी, असे आम्हांस वाटले. म्हणून हा लेख.

अवशेष म्हणजे काय?

कॅथलिक पंथात संतांच्या अवशेषांचे पूर्वापार तीन वर्ग मानीत आले आहेत. पहिला वर्ग म्हणजे प्रत्यक्ष देह किंवा देहाचा भाग : अस्थी, दात, केस, रक्त. दुसरा वर्ग म्हणजे संताने वापरलेल्या वस्तू : वस्त्र, पुस्तक, जपमाळ. तिसरा वर्ग म्हणजे पहिल्या वर्गाच्या अवशेषाला स्पर्श करविलेली वस्तू, उदाहरणार्थ कापडाचा तुकडा.

देहाला एवढा मान का? ख्रिस्ती शिकवणीनुसार माणसाचे शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि अंतिम दिवशी ते पुन्हा उठणार आहे. ज्या देहाने सत्कृत्ये केली तो देह मृत्यूनंतरही आदरास पात्र ठरतो, असा त्यामागचा विचार आहे. मात्र चर्च येथे एक भेद करते. आराधना फक्त ईश्वराची, संतांना आणि त्यांच्या अवशेषांना फक्त आदर. संताने आपल्या वतीने देवाकडे विनंती करावी, एवढेच मागणे शास्त्राप्रमाणे योग्य. लोकव्यवहारात नवस बोलले जातात, ही गोष्ट वेगळी.

वेदीखालची कबर

या प्रथेचा उगम फार जुना आहे. दुसऱ्या शतकात स्मर्ना येथील बिशप पॉलिकार्प यांना रोमन सत्तेने जिवंत जाळले, तेव्हा त्यांच्या अनुयायांनी अस्थी गोळा करून जपून ठेवल्या आणि दरवर्षी त्यांच्या हौतात्म्याच्या दिवशी तेथे जमण्याचे ठरविले. रोम शहराखालच्या भुयारी दफनभूमीतही हुतात्म्यांच्या कबरींजवळ प्रार्थना होत असे. पुढे राजाश्रय मिळाल्यावर कबरींवर मोठी मंदिरे उभी राहिली. व्हॅटिकनचे भव्य संत पीटर मंदिर ज्या जागी आहे, तेथे संत पीटर यांची कबर असल्याची श्रद्धा आहे.

इ. स. ७८७ मध्ये निकाया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने नवे मंदिर अवशेषांसह अर्पण करावे असा नियम केला. कायम बांधलेल्या वेदीखाली संतांचे अवशेष ठेवण्याची परंपरा १९८३ च्या चर्चच्या कायद्यातही चालू ठेवलेली आहे. म्हणजे कॅथलिकांमध्ये अवशेष ठेवण्याची जागा तीन प्रकारची : कबर, वेदी आणि मोहोरबंद करंडक. करंडकातील अवशेषासोबत धर्माधिकाऱ्याच्या सहीचे प्रमाणपत्र असावे लागते.

गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर

आपल्या जवळचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेचे. फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी, आज स्पेनमध्ये असलेल्या नव्हारा प्रांतात झाला. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास आले. दक्षिण भारताचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान असा त्यांचा प्रवास झाला. चीनमध्ये शिरण्याच्या प्रयत्नात असताना ३ डिसेंबर १५५२ रोजी शांगच्वान नावाच्या बेटावर त्यांचे निधन झाले.

मांस लवकर झडून अस्थी नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना भरून त्यांना पुरले होते. काही आठवड्यांनी पेटी उघडली तेव्हा देह तसाच आढळला, असे त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. देह मलाक्कास नेऊन तेथे पुरण्यात आला. तेथील टेकडीवरच्या पडक्या चर्चमध्ये त्यांची रिकामी कबर आजही दाखवितात. मार्च १५५४ मध्ये देह गोव्यास पोहोचला, तेव्हा साऱ्या शहराने मोठ्या थाटात त्याचे स्वागत केले. प्रथम तो सेंट पॉल कॉलेजात होता. १६२२ साली झेवियर यांना संतपद मिळाले आणि १६२४ साली देह बॉम जेझसमध्ये आणला गेला.

आज तेथे दिसते ती रचना अशी : खाली इटलीतील टस्कनीच्या तिसऱ्या कोझिमो या ग्रँड ड्यूकने पाठविलेला संगमरवरी चौथरा. जोव्हान्नी बात्तिस्ता फॉज्जिनी या शिल्पकाराने तो घडविला आणि १६९८ साली तो गोव्यात जोडून उभा केला. त्यावर संताच्या जीवनातील प्रसंगांचे काशाचे फलक आहेत. वर गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ च्या सुमारास घडविलेली चांदीची पेटी, आणि तिच्या आत देह. ड्यूकने हा चौथरा का दिला, याविषयी असे सांगतात की, संताच्या डोक्याखालची उशी त्याला भेट मिळाली होती, त्याची ही परतफेड. ती उशी म्हणजे दुसऱ्या वर्गाचा अवशेष.

एका देहाचे अनेक मुक्काम

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण तो देह आज संपूर्ण गोव्यात नाही. १६१४ साली येशूसंघाच्या रोममधील प्रमुखांच्या आज्ञेने उजव्या हाताचा कोपरापासून खालचा भाग वेगळा काढून रोमच्या जेझू चर्चमध्ये पाठविला गेला. ज्या हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला तो हात आपल्याजवळ असावा, ही भावना. २०१८ साली हाच हात कॅनडाभर दर्शनासाठी फिरविण्यात आला. विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र आसन राखून ठेवले होते. त्याच उजव्या हाताच्या दंडाचे हाड मकावमध्ये आहे. पायाचे एक बोट एका भाविक स्त्रीने चुंबन घेताना तोडून नेले, अशीही कथा सांगतात.

पोर्तुगालच्या राजसत्तेने १७५९ साली येशूसंघाला आपल्या मुलखातून घालवून दिले. त्यांनी देह बरोबर नेला, आता पेटीत काही नाही, अशी कुजबूज गोव्यात सुरू झाली. ती थांबविण्यासाठी १७८२ साली पेटी उघडून लोकांना जाहीर दर्शन दिले गेले. तेव्हापासून अधूनमधून आणि पुढे साधारण दहा वर्षांनी हा सोहळा होऊ लागला. मधल्या काळात देह सुकत, झिजत गेला. १९५० च्या दशकात तो काचेच्या पेटीत ठेवण्यात आला आणि थेट स्पर्श थांबला. पूर्वी लोक 'न कुजणारा देह' असे म्हणत. आता चर्च स्वतः 'पवित्र अवशेष' हा शब्द वापरते. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात समोरच्या से कॅथेड्रलमध्ये झाला. ख्रिस्तेतर लोकही तेथे मोठ्या संख्येने जातात. 'गोंयचो सायब' म्हणून त्या संताला सारा गोवा मानतो.

आमच्या दृष्टीने यातून शिकण्यासारखी बाब ही की, काळानुसार देह बदलला तसा त्याविषयीचा शब्दही चर्चने बदलला. अनित्यता ही कोणाच्याही श्रद्धेला सवलत देत नाही.

खरे-खोटे आणि खरेदी-विक्री

अवशेषांना मान आला की त्यांचा बाजारही येतो. मध्ययुगीन युरोपात चोऱ्या झाल्या, बनावट हाडे विकली गेली, एकाच संताचे अवयव दोन-दोन ठिकाणी दाखविले गेले. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याने १५४३ साली पुस्तिका लिहून या साऱ्याची झाडाझडती घेतली. कॅथलिक चर्चनेही १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेत अवशेषांचा आदर कायम ठेवला, पण त्याभोवतीची अंधश्रद्धा आणि पैशाचा लोभ दूर करावा, बिशपने तपासल्याखेरीज नवा अवशेष स्वीकारू नये, असा ठराव केला. १९८३ च्या कायद्याच्या ११९० व्या कलमाने पवित्र अवशेषांची विक्री साफ मना केलेली आहे. २०१७ साली व्हॅटिकनने अवशेषांचा खरेपणा व जतन यांविषयी नव्या सूचना काढून बाजार आणि अयोग्य ठिकाणचे प्रदर्शन यांवर बंदी पुन्हा सांगितली. शेकडो वर्षे चटके खाऊन शिकलेल्या संस्थेची ही शिस्त आहे.

त्याच गोव्यात एक दात

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती कटू आहे, पण आपल्या लोकांना माहीत असली पाहिजे.

१५६० साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कोन्स्तान्तिनु द ब्रागांसा याने श्रीलंकेतील जाफन्यावर स्वारी केली. लुटीत एक दात सापडला. तो भगवान बुद्धांचा दंतधातू आहे, असे सांगण्यात आले. तो गोव्यात आणला गेला. ब्रह्मदेशातील पेगूच्या राजाने तो परत मिळावा म्हणून फार मोठी रक्कम देऊ केली. रिकाम्या तिजोरीमुळे दरबारातील अनेकांना ती हवी होती. पण मूर्तिपूजेला उत्तेजन मिळेल म्हणून आर्चबिशपांनी विरोध केला. अखेर १५६१ च्या सुमारास सर्वांसमक्ष तो दात खलात कुटून त्याची पूड केली, ती निखाऱ्यावर जाळली आणि राख नदीत टाकली. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दो कौतु याने हे वर्णन लिहून ठेवले आहे.

ज्या शहराने १५५४ साली एका संताचा देह डोक्यावर घेतला, त्याच शहराने सातच वर्षांनी दुसऱ्यांच्या शास्त्याचा मानला गेलेला दात कुटला. एकाचा अवशेष पवित्र आणि दुसऱ्याचा अवशेष मूर्तिपूजा, हा न्याय सत्तेचा होता. त्याच १५६० साली गोव्यात धर्मचौकशीचे न्यायालय बसले. ते १८१२ साली बंद होईपर्यंत असंख्य लोक त्यात भरडले गेले. असे न्यायालय यावे अशी मागणी खुद्द झेवियर यांनी १५४६ साली राजाला लिहिलेल्या पत्रात केली होती. ते आल्याचे पाहायला ते हयात नव्हते, पण संताचा अभ्यास करताना ही बाजू झाकून चालत नाही.

त्या दाताचे पुढे काय झाले? सिंहली परंपरा सांगते की, खरा दंतधातू जाफन्यात नव्हताच, भिक्खूंनी तो दूर गावात लपवून ठेवला होता. आज कँडीच्या दळदा मालिगाव विहारात तो दर्शनास आहे आणि लाखो लोक त्याला वंदन करतात. कोणता दात खरा, या वादात आम्ही पडत नाही. आम्हांस एवढेच दिसते की, दात कुटल्याने श्रीलंकेतील धम्म कुटला गेला नाही. तो लोकांच्या आचरणात होता.

आज शेजारी राहणाऱ्या ख्रिस्ती बांधवाला याचा जाब विचारणे मात्र मूर्खपणाचे ठरेल. इतिहास शेजाऱ्याशी भांडण्यासाठी वाचायचा नसतो, आपल्या हातून तसे होऊ नये म्हणून वाचायचा असतो.

आपली परंपरा काय सांगते?

बौद्ध परंपरेतही तीन वर्ग आहेत. शारीरिक धातू म्हणजे देहाचे अवशेष, पारिभोगिक म्हणजे वापरातील वस्तू, आणि उद्देशिक म्हणजे स्मरणासाठी केलेली प्रतिमा व चिन्हे. पहिले दोन वर्ग कॅथलिकांच्या पहिल्या दोन वर्गांशी जुळतात, तिसरा जुळत नाही. त्यांचा तिसरा वर्ग स्पर्शावर उभा आहे, आपला स्मरणावर. फरकाची खूण येथे सापडते.

महापरिनिब्बान सुत्तात ही सारी हकिकत आहे. अंत्यसमयी भगवंतांनी आनंदाला सांगितले की, भिक्खूंनी तथागताच्या शरीरपूजेच्या मागे लागू नये, आपल्या हिताच्या साधनेत लागावे. फुलांनी होणाऱ्या पूजेपेक्षा धम्माप्रमाणे वागणे हीच तथागतांची खरी पूजा, असेही त्यांनी सांगितले. तरीही अस्थींवरून राजांमध्ये युद्धाची वेळ आली. तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने शांतीने आठ भाग करून दिले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले.

याचा उत्तम नमुना आपल्या महाराष्ट्रात आहे. वसई तालुक्यातील नालासोपारा येथे 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा विटांचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक निघाला. त्या सोन्यात काय होते? मातीच्या भांड्याचे लहानसे तुकडे. ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे मानले जातात. राजे ज्याच्यापुढे वाकले, त्याच्या हातात मातीचे पात्र होते, हे सोन्याच्या करंडकाने दोन हजार वर्षांच्या आसपास जपून ठेवले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. याच वसईने ख्रिस्ती जगाला संत गोन्सालो गार्सिया दिले. १५९७ साली जपानमध्ये ते हुतात्मा झाले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले.

बाजाराचा धोका आपल्यालाही चुकलेला नाही. उत्तर प्रदेशातील पिपरहवा स्तूपात १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराला भगवंतांच्या अस्थींबरोबर रत्ने मिळाली. त्यांपैकी काही त्याच्या वंशजांकडे राहिली आणि मे २०२५ मध्ये हाँगकाँगला सोदबीज कंपनीच्या लिलावात निघाली. भारत सरकारने हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने मायदेशी परतली. याउलट सांचीचा अनुभव समाधान देणारा आहे. सारिपुत्त आणि महामोग्गलान यांचे अवशेष इंग्रजांनी विलायतेला नेले होते. ते परत आणून १९५२ साली सांचीच्या विहारात सन्मानाने ठेवले गेले.

आणि आपल्या काळातील गोष्ट म्हणजे दादरची चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी ज्या भूमीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले, तेथील स्तूपात त्यांच्या अस्थी आहेत. तेथे जाणारा माणूस नवस बोलायला जात नाही. तो वंदन करतो आणि परतताना शिवाजी पार्कवरून पुस्तके घेऊन येतो. अवशेष आणि पुस्तक यांची ही सांगड आपल्या समाजाने स्वतः घातली आहे. तिचा आम्हांस अभिमान वाटतो.

आपण काय करावे?

आता मूळ प्रश्नांकडे येऊ. अस्थींना वंदन करणे अंधश्रद्धा आहे काय? अस्थींकडे काही मागितले, त्यांच्या स्पर्शाने रोग बरा होईल असे मानले, तर ती अंधश्रद्धाच. पण ज्याने आपल्याला माणूस म्हणून उभे केले त्याचे स्मरण ताजे व्हावे आणि त्याचे काम पुढे न्यावे म्हणून माथा टेकला, तर ती कृतज्ञता आहे.

विहारात अस्थिधातू आणावेत काय? आपली विहारे लहान आहेत, आणि त्यांची वर्गणी कामगारांच्या पगारातून, धुणीभांडी करणाऱ्या माउलींच्या कमाईतून येते. म्हणून कोणी अस्थिकलश घेऊन आला तर उपासकांनी शेजाऱ्यांच्या शिस्तीतून धडा घेऊन पुढील गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो :

१. हे अवशेष कोठून आले, कोणाकडून आले, याचा लेखी पुरावा मागावा. भावनेला कागदाची जोड असावी.

२. दर्शनासाठी वा स्थापनेसाठी दर ठरविला जात असेल, तर त्या कलशाला दुरूनच नमस्कार करावा.

३. स्थापना झाली तर त्याची राखण, स्वच्छता आणि हिशेब पुढील ५० वर्षे कोण पाहणार, हे आधी ठरवावे.

४. कलशाच्या खोलीवर जेवढा खर्च होईल, तेवढा तरी वाचनालयावर व मुलांच्या अभ्यासिकेवर व्हावा.

५. अस्थिधातू नाहीत म्हणून आपले विहार कमी पवित्र आहे, असे कोणी समजू नये.

पाचव्या मुद्द्याला पुरावा दूर शोधण्याची गरज नाही. आपल्यापासून थोड्याच अंतरावर देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. ती मूर्ती म्हणजे उद्देशिक चैत्य. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, आपल्या या परिसरातील लोकांना त्यांनी अस्थी दिल्या नाहीत, दिशा दिली. पारिभोगिक वस्तू पाहायच्या असतील तर पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरील सिम्बायोसिसच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. तेथे मुलांना घेऊन जरूर जावे, आणि एवढ्या थोर माणसाच्या गरजा किती साध्या होत्या हे त्यांना दाखवावे.

शेवटी एवढेच. पुढच्या डिसेंबरात शेजारचे कुटुंब गोव्याला निघेल तेव्हा त्यांना आनंदाने निरोप द्यावा, परतल्यावर त्यांच्याकडून तेथील हकिकत ऐकावी आणि आपल्या सोपाऱ्याची हकिकत त्यांना सांगावी. चांदीच्या पेटीतला देह झिजतो, सोन्याच्या करंडकातले पात्र फुटलेलेच असते, दगडी स्तूपही ढासळतात. टिकते ते आचरण. ते ठेवण्याची जागा प्रत्येकाच्या घरात आहे, आणि तिची राखण आपली आपणच करावयाची आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!